मी सांगितलेला अर्थ

आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. माय मरो, मावशी उरो असं म्हणतात. माझ्या बाबतीत ते अक्षरशः खरं झालं. मावशीने लग्न केलं नाही. किल्लीवाल्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत तिने मला वाढवलं, आणि मी घर सांभाळण्याइतकी मोठी झाले तशी तिने दिवसभराचं काम धरलं. एका निवृत्त न्यायाधीश बाईंकडे. त्यांचे पाय गेलेले होते, मुलगा परदेशात होता, घरात दुसरं कोणी नव्हतं. मावशी त्यांना बाईसाहेब म्हणायची. घरी आमच्या तोंडी मात्र जज्जबाईच.

अकरा वर्षं मावशीने त्यांचं सगळं केलं. उठवणं, बसवणं, न्हाऊ घालणं, नखं कापणं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलून देणं. जज्जबाई बोलायला तिखट होत्या. "हा चहा आहे की शिक्षा?" असं त्या विचारायच्या, आणि मावशी घरी येऊन त्यांची हुबेहूब नक्कल करायची. एकदा मावशी तापाने झोपली होती तेव्हा बदली म्हणून दुसरी बाई पाठवली होती. जज्जबाईंनी तिला अंगाला हात लावू दिला नाही. "तीन दिवस पारोशी बसली गं म्हातारी!" असं मावशी महिनाभर सगळ्यांना सांगत होती. सांगताना कपाळाला हात लावायची, पण आतून फुललेली असायची.

मग एके दिवशी मुलगा आला आणि त्याने आठवड्याच्या आत आईला दुसऱ्या शहरातल्या शुश्रूषागृहात हलवायचं ठरवलं. निघायच्या दिवशी मावशीने जज्जबाईंचे केस विंचरले, बॅग भरून दिली आणि म्हणाली, "येते हं, बाईसाहेब." जज्जबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. एक शब्द बोलल्या नाहीत.

"माझं काही चुकलं का गं?" मावशीने मला त्या आठवड्यात चार वेळा तरी विचारलं असेल.

"म्हातारं माणूस आहे, लहर लागली असेल," मी म्हणायचे.

दोन महिन्यांनी मुलाचं पत्र आलं. तो लहानपणापासून बाहेर शिकलेला, त्यामुळे पत्र इंग्रजीत टाइप केलेलं. रविवार होता. मावशीने मला आणि माझ्या नवऱ्याला चहाला बोलावलं होतं. पत्राची बातमी खाली पोचल्यामुळे किल्लीवाला आणि त्याची बायकोही वर आली होती. पत्र वाचणं हा माझा मान होता. मी एका छापखान्यात प्रूफं तपासायचे, आणि नुकतीच मला इंग्रजी विभागात घेण्याची बोलणी चालली होती. मावशी येईल त्याला सांगायची, "आमची पोरगी पुस्तकांच्या चुका काढते." त्यामुळे त्या दिवशी मी खुर्चीत जरा ताठच बसले होते, हे मला आठवतं.

पत्र जेमतेम पाच ओळींचं होतं. आई गेल्या महिन्याच्या नऊ तारखेला गेली. मग एक वाक्य, ते पुढे सांगते. त्यानंतर: निर्णय माझा होता. आईच्या खोलीतलं तुम्हाला हवं ते महिनाअखेरीच्या आत घेऊन जा, त्यानंतर घर नव्या मालकाच्या ताब्यात जाईल. खाली सही.

ते मधलं एक वाक्य असं होतं: इन द एंड शी वॉज लोथ टू लेट यू गो.

मी ते 'लोद' असं वाचलं. लोद म्हणजे काय ते मला पक्कं ठाऊक होतं. हेट म्हणजे नुसता राग. लोद त्याच्या कितीतरी पुढचं. परीक्षेत या शब्दावर मला पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. 'लेट यू गो' म्हणजे कामावरून काढणं, हेही मला येत होतं. वाक्याची बांधणी कुठेतरी खटकली, घासात खडा लागावा तशी, पण चार माणसं तोंडाकडे बघत होती आणि मला अडखळायचं नव्हतं. खडा गिळून मी पुढे गेले.

"शेवटी शेवटी त्यांना तुझा..." असं म्हणून मी थांबले. योग्य शब्द शोधत होते. तिटकारा म्हणावं का? पण तिटकारा मला पुस्तकी वाटला. मला नेमका शब्द द्यायचा होता, सगळ्यांना पटेल असा. "शेवटी शेवटी त्यांना तुझी किळस वाटायला लागली होती, म्हणून तुला काढलं," मी म्हणाले.

किल्लीवाल्याच्या बायकोने पदर तोंडाला लावला. नवरा माझ्याकडे बघायला लागला. असं सांगतात का, असा त्याचा चेहरा. मला वाटलं, खरं ते सांगायलाच हवं. मी उरलेलं पत्रही नीट वाचून दाखवलं.

मावशी रडली नाही. तिने कप गोळा केले, विसळले, पालथे घातले. मग म्हणाली, "पत्र तुझ्याकडेच ठेव. मला घरात नको."

"आणि खोलीतलं सामान?" किल्लीवाल्याने विचारलं.

"ज्या बाईला माझी किळस यायची, तिच्या खोलीत आता मी पाऊल ठेवू?" मावशी म्हणाली. "नाक कापून घेतलंय तेवढं पुरे."

दुसऱ्याच दिवशी तिने एका लाँड्रीत काम बघितलं. हॉटेलांच्या चादरी धुऊन इस्त्री करणारी मोठी लाँड्री होती ती. आजारी माणसं सांभाळायला तिला दोन घरांतून बोलावणं होतं, तिने दोन्ही नाकारली. "चादरी बऱ्या," म्हणाली. "त्या नाक मुरडत नाहीत."

तीन आठवड्यांनी, पंचवीस तारखेला, मास्तरांनी मला टेबलाशी बोलावलं. मास्तर म्हणजे आमच्या छापखान्यातले सगळ्यात जुने तपासनीस. त्यांच्यासमोर मी तपासलेलं पान होतं. कुठलीशी इंग्रजी कादंबरी होती, आणि त्यातल्या एका वाक्यात एका माणसाला आपला घोडा विकायचा होता. मी लाल शाईने एका शब्दाच्या शेवटी 'ई' घातली होती.

"ही ई कुठून आणलीत?" मास्तरांनी विचारलं.

"लोद लिहायचं होतं ना त्यांना? शेवटची ई राहिली होती."

"राहिली नव्हती. बसा." त्यांनी चष्मा काढला. "लोद, शेवटी ई असलेलं, हे क्रियापद. मनापासून तिटकारा करणं. त्याच्यापुढे ज्याचा तिटकारा तो माणूस येतो, ती वस्तू येते, नाहीतर आयएनजी लावलेलं काम येतं. आय लोद वेटिंग. ई काढली की लोथ. ते विशेषण. त्याच्या आधी वॉज येतं, पुढे टू येतं. त्यात राग नाही, तिटकारा नाही, काही नाही. एखादी गोष्ट करायला मन धजत नाही ना, पाय निघत नाही, तसं. या माणसाला घोड्याची किळस नाही आलेली. घोडा विकणं त्याच्या जिवावर आलंय."

मी त्या लाल ईकडे बघत राहिले. त्यांना वाटलं मला चूक लागली.

"अहो, चांगलेचांगले फसतात यात," ते हसून म्हणाले. "बरं झालं, छापायच्या आधी सापडलं. नाहीतर घोड्याने अब्रुनुकसानीचा दावा लावला असता."

घरी आल्यावर मी कपाटातून पत्र काढलं. दिव्याजवळ धरलं, जणू ई कुठेतरी पुसट झालेली असेल. नव्हती. वॉज होतं, टू होतं. अकरा वर्षं सांभाळणारीला निरोप देणं त्या म्हातारीच्या जिवावर आलं होतं. मुलाला ते माहीत होतं, म्हणून त्याने पुढे लिहिलं होतं की निर्णय माझा होता. आपल्या आईवर बोल येऊ नये म्हणून.

महिना संपायला पाच दिवस होते. मावशीचं घर दोन गल्ल्या पलीकडे. चप्पल घालून गेले असते तर सात मिनिटं लागली असती.

मी गेले नाही. त्या दिवशी म्हटलं, थकले आहे, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी म्हटलं, ती कामावरून दमून येते, रविवारी शांतपणे सांगू. रविवारी किल्लीवाला वर आला होता. त्याच्यादेखत कसं सांगणार? सोमवारी महिना संपला. मग मनाने नवीनच युक्तिवाद काढला: आता खोली गेली, आता सांगून उपयोग काय, उलट तिला जास्तच लागेल. त्याच सुमारास छापखान्यात मला इंग्रजी विभागात कायम केलं. मावशीने लाँड्रीतल्या सगळ्या बायकांना बातमी सांगितली. मी नेलेल्या मिठाईतला तुकडा हातात धरून ती म्हणाली, "तू होतीस म्हणून मला खरं काय ते कळलं. नाहीतर जन्मभर त्या बाईच्या नावाने दिवा लावला असता मी."

त्यावर मी मिठाईचा डबा पुढे केला. "अजून घे," म्हणाले.

खरं सांगायचं तर माझी चूक कबूल करण्यापेक्षा तिचं दुःख मला परवडत होतं. हे वाक्य आज लिहितानाही मान वर होत नाही.

तिला काय झालं होतं ते मला दिसत होतं. घरात कडक वासाचा साबण आला होता, दवाखान्यातला असतो तसला. लाँड्रीतून आली की ती कोपरापर्यंत हात धुवायची, जेवायच्या आधी पुन्हा, झोपायच्या आधी पुन्हा. बोटांच्या पेरांना भेगा पडल्या. एकदा भाजी निवडता निवडता तिने हात माझ्यापुढे केला.

"खरं सांग हं. वास येतो का गं माझ्या हाताला?"

"काहीतरीच काय!"

"आपला आपल्याला कळत नाही. तू परकी नाहीस म्हणून विचारते."

"नाही येत," मी म्हणाले, आणि पाणी प्यायला उठले.

तेव्हा मला दिवस गेले होते. मला वाटायचं, मूल झालं की सगळं आपोआप ठीक होईल. मावशी बाळाला घेईल, न्हाऊ घालेल, आणि ते पत्र विसरेल. आपल्या वाटचं काम न जन्मलेल्या लेकरावर ढकलणारी आई मी.

मुलगी झाली. मावशी दवाखान्यात आली, दुपटी घेऊन, झबली घेऊन, सगळं स्वतः शिवलेलं आणि तीनदा धुतलेलं. पाळण्याशी उभी राहून तिने डोळे भरून बघितलं. हात मात्र पाठीमागे.

"घे ना," मी म्हणाले.

"राहू दे. कोवळं अंग आहे."

"अगं, तुझ्याइतकं कुणाला जमतं?"

"नको," ती म्हणाली. "माझे हात नकोत तिला."

घरी आल्यावरही तेच. ती रोज यायची, पाणी तापवून द्यायची, कोपर बुडवून बघायची, आणि मग भिंतीला टेकून उभी राहायची. टबाशी मी आणि माझा नवरा. तो बस चालवणारा माणूस. साबण लावलेलं बाळ हातात घेताना त्याला घाम फुटायचा. एकदा बाळ त्याच्या हातातून निसटलं, मी पाठ धरली म्हणून बरं. मावशीचे हात आपोआप पुढे आले होते. अर्ध्यावर थांबले. तिने ते पुन्हा मागे नेलेले मी बघितले, आणि त्या दिवशी मला दूधसुद्धा धड पाजता येईना.

पत्राला चौदा महिने झाले होते. बाळाला नवऱ्याकडे देऊन मी दुपारी लाँड्रीत गेले.

मी तिथे आधी कधी गेले नव्हते. लांबलचक शेड, एका बाजूला कपाटाएवढी धुलाई यंत्रं, दुसरीकडे तापलेले रूळ, त्यांतून चादर एका बाजूने ओली जायची आणि दुसऱ्या बाजूने कडक होऊन यायची. वाफेने समोरचं माणूस धड दिसत नव्हतं. मावशी चादरींच्या घड्या घालत होती.

"काय गं? बाळ बरं आहे ना?" तिने ओरडून विचारलं.

"बरं आहे. मावशी, ते पत्र मी चुकीचं वाचलं."

"काय?"

"पत्र!" मी ओरडले. "जज्जबाईंचं! मी चुकीचा अर्थ सांगितला!"

शेजारच्या दोन बायकांनी माना वळवल्या. नेमकं तेव्हाच एक यंत्र थांबलं आणि माझा आवाज सगळ्या शेडभर झाला. मावशीने हातातली चादर टेबलावर ठेवली.

"म्हणजे किळस नव्हती?"

"नव्हती."

"मग काय होतं?"

"तुला सोडणं त्यांच्या जिवावर आलं होतं. असं लिहिलंय. मी एका अक्षराची चूक केली."

"जिवावर आलं होतं," ती हळू म्हणाली. टेबलावरच्या चादरीची घडी सरळ केली. "म्हणून भिंतीकडे तोंड केलं म्हातारीने. रडताना दिसायला नको म्हणून. जज्ज होती ना."

लाँड्रीचा मुकादम येऊन म्हणाला, "बाई, गप्पा बाहेर मारा."

"माझी भाची आहे," मावशी त्याला म्हणाली. "शिकलेली आहे." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. नेहमीच्या सवयीने म्हणाली. तेच जास्त लागलं.

आम्ही दाराबाहेर येऊन उभ्या राहिलो. तिने विचारलं, "हे तुला कधी कळलं?"

काल, असं म्हणता आलं असतं. शब्द जिभेवर आलाच होता.

"त्याच महिन्यात," मी म्हणाले. "पंचवीस तारखेला."

तिने मनात हिशोब केला. मला तो तिच्या चेहऱ्यावर दिसला.

"म्हणजे खोली होती अजून."

"होती."

"मी गेले असते तर त्यांचा पलंग, त्यांचं कपाट, सगळं होतं तिथे."

"हो."

"एकदा मी त्यांना चुकीची गोळी दिली होती," मावशी म्हणाली. "सकाळची संध्याकाळी. लक्षात आल्याबरोबर डॉक्टरला फोन केला, आणि त्यांनाही सांगितलं. अर्धा तास शिव्या खाल्ल्या. नोकरी जाणार असंच वाटलं होतं. तरी सांगितलं. चूक काय, कुणाच्याही हातून होते गं. पण तुला कोण खाणार होतं? मीच ना? मी खाल्लं असतं तुला?"

मी रडायला लागले. तिने माझे डोळे पुसले नाहीत. "जा, बाळाच्या दुधाची वेळ झाली असेल," म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली, साडी खोचून टबाशी बसली आणि म्हणाली, "आण तिला." पायांवर बाळ घेतलं, मानेखाली पंजा दिला, आणि ते पोर, जे रोज किंचाळून घर डोक्यावर घ्यायचं, ते तिच्याकडे टकामका बघत राहिलं. मावशी त्याच्याशी खूप बोलली. जज्जबाईंची नक्कलसुद्धा करून दाखवली. माझ्याशी मात्र कामापुरतं. टॉवेल दे. पाणी ओत. हे दोन महिने चाललं, आणि त्यात मला तक्रारीला जागा नव्हती.

मग एक दिवस तीच म्हणाली, "त्या मुलाला उत्तर गेलं नाही आपल्याकडून. लिही."

मी कागद घेऊन बसले. "काय लिहू?"

"लिही, की पत्राचा अर्थ मला उशिरा कळला म्हणून मी आले नाही. बाईसाहेबांवर माझा राग नव्हता. त्या कुठे गेल्या, शेवटी कोण होतं जवळ, ते कळवा." थोडं थांबून म्हणाली, "तुझं नाव घालायची गरज नाही."

मी माझं नाव घातलं. चूक कुणाची आणि लपवली किती दिवस, तेही लिहिलं. मग पत्र मराठीत तिला वाचून दाखवलं. ती ऐकत होती, पण तिचे डोळे माझ्या बोटावर होते, जे ओळीखालून सरकत होतं.

"असंच लिहिलंयस ना? नक्की?" तिने विचारलं.

मी हो म्हणाले. तिने मान हलवली. माझ्या 'हो'ला आता तिच्याकडे पूर्वीची किंमत नव्हती, आणि ती किंमत मीच घालवली होती.

उत्तर सहा आठवड्यांनी आलं. मला ते किल्लीवाल्याच्या बायकोकडून कळलं. मी धावत वर गेले. मावशी भाजी चिरत होती.

"पत्र आलं म्हणे?"

"हो. परवाच."

"दे ना, वाचते."

"वाचून घेतलं मी," ती म्हणाली. "कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातल्या बाईंकडून. त्यांचं इंग्रजी चांगलं आहे."

सुरी फळीवर चालत राहिली. मी उभीच.

"काय लिहिलंय?"

"आहे. माझ्यापुरतं आहे." तिने वर बघितलं, रागाने नव्हे. "बस, जेवून जा."

मी जेवले. पत्राबद्दल पुन्हा विचारलं नाही, अजूनही नाही. मावशी पुन्हा आजारी माणसांच्या कामाला लागली. आता एका निवृत्त आगबोटीवाल्याकडे जाते, आणि तो चहाला काय काय नावं ठेवतो ते माझ्या मुलीला सांगत असते. साबण साधा झाला, भेगा भरल्या. आमच्यात बोलणंही पूर्वीसारखं सुरू झालं, जवळजवळ.

गेल्या महिन्यात मुलीला खोकला झाला म्हणून मी त्या औषधाच्या दुकानात गेले. तिथल्या बाईंना मी त्याआधी फक्त तोंडओळखीने ओळखत होते. त्यांनी बाटली पुढे ठेवली, मुलीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तुम्ही त्यांच्या भाची ना? छापखान्यातल्या?"

"हो."

 त्या बाटलीवरचं लेबल माझ्याकडे फिरवून म्हणाल्या, "दिवसातून तीनदा. नीट वाचून द्या."

मी मान खाली घालून हो म्हणाले, आणि मुलीचं बोट धरून बाहेर पडले.